फसलेल्याचे असत्य

खोटे बोलणारा एक आणि त्या खोट्याला बळी पडणारा दुसरा, असे आपण सामान्यतः गृहीत धरून चालतो. घरातला तंटा असो वा न्यायालयातला खटला, प्रथम आपण हे दोघे वेगळे काढतो. मग एकाला दूषण आणि दुसऱ्याला सहानुभूती देऊन मोकळे होतो. परंतु हे दोघे एकाच माणसात नांदत असतील तर काय करावे? जो पुरता फसवला गेला आहे, तोही त्याच प्रकरणात खोटे बोललेला असू शकतो काय? आणि बोलला असेल, तर त्याचे ते खोटे कोणत्या मापाने मोजावयाचे? नीतिशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न निघाला असता तर काल्पनिक म्हणून कोणी तो बाजूला सारला असता. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचा खेळाडू मँटाय टेओ याच्या आयुष्यात मात्र तो २०१२-१३ साली प्रत्यक्ष उभा राहिला. जगाने त्या प्रकरणाची थट्टा केली. आम्हांला ते थट्टेवारी नेण्यासारखे वाटत नाही, म्हणून हा प्रपंच.

टेओ हा हवाई बेटांतील लाइए गावचा. वंशाने सामोअन, घराणे मॉर्मन पंथाचे आणि मोठे श्रद्धाळू. नोत्र दाम हे कॅथलिक विद्यापीठ. होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली इंडियाना राज्यात ते स्थापिले. पवित्र मातेचा पुतळा माथ्यावर धारण केलेला त्याचा सोनेरी घुमट प्रसिद्ध आहे. मॉर्मन घरचा मुलगा प्रार्थनापूर्वक विचार करून या कॅथलिक विद्यापीठात आला, हीच गोष्ट तेथील लोकांना कौतुकाची वाटत असे. तो खेळे तो अमेरिकन फुटबॉल. त्याचा आपल्याकडील फुटबॉलशी नावापुरताच संबंध. लांबट चेंडू हातात घेऊन धावावयाचे आणि समोरच्याने त्याला अंगाने अडवून पाडावयाचे. टेओ पाडणाऱ्यांपैकी होता, आणि त्या वर्षी त्याच्या तोडीचे फार थोडे होते.

११ सप्टेंबर २०१२ रोजी त्याची आजी वारली. त्यानंतर काही तासांतच दुसरी वार्ता आली की, त्याची मैत्रीण लेनेई केकुआ हीही गेली. ती स्टॅनफर्ड विद्यापीठाची विद्यार्थिनी असल्याचे सांगितले जाई. आधी मोटारीचा अपघात, मग रक्ताचा कर्करोग, असे तिचे दुखणे होते. टेओ घरी गेला नाही. मिशिगन स्टेटविरुद्धच्या सामन्यात तो खेळला आणि नोत्र दामने तो २० विरुद्ध ३ असा जिंकला. पुढच्या शनिवारी, २२ सप्टेंबरला, मिशिगनशी गाठ होती. लेनेईचा दफनविधी त्याच दिवशी असल्याचे सांगितले गेले होते. प्रेक्षकांनी त्याच्यासाठी हवाईच्या रिवाजाप्रमाणे गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. त्याने प्रतिपक्षाचे दोन चेंडू मध्येच हस्तगत केले, आणि सामना १३ विरुद्ध ६ असा जिंकला. मोठमोठ्या नियतकालिकांनी ही कहाणी छापली, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने मुखपृष्ठ दिले. संघाने बाराही सामने जिंकले. डिसेंबरात हाइझमन चषकाच्या मतदानात टेओ दुसरा आला. संरक्षण फळीतल्या खेळाडूला एवढी मते मिळणे ही दुर्मीळ गोष्ट.

१६ जानेवारी २०१३ रोजी डेडस्पिन या क्रीडावृत्त संकेतस्थळाने शोध घेऊन प्रसिद्ध केले की, लेनेई केकुआ मेली नव्हती, कारण ती कधी जगलीच नव्हती. तिच्या मृत्यूची सरकारी नोंद नव्हती, स्टॅनफर्डकडे अशा विद्यार्थिनीची नोंद नव्हती. छायाचित्रातला चेहरा कॅलिफोर्नियातील एका भलत्याच तरुणीचा होता, आणि तिला यातले काहीही ठाऊक नव्हते. फोनवर बोलणारी व्यक्ती टेओच्या परिचयातलीच होती. स्त्रीचा आवाज ती स्वतःच काढीत असे. टेओने त्या आवाजाशी रात्र रात्र गप्पा मारल्या होत्या, बोलता बोलता फोन चालू ठेवून झोप घेतली होती, तिच्या दुखण्यात प्रार्थना केल्या होत्या. एकदाही तिला पाहिले नव्हते. भेट ठरे, आणि प्रत्येक वेळी काही ना काही अडचण उभी राही.

इतका कसा हा भोळा, असे सगळ्यांनीच विचारले. या प्रश्नात एक आढ्यता आहे. जुन्या करारातल्या म्हाताऱ्या इसहाकाची आठवण येथे होते. दृष्टी गेलेल्या इसहाकापुढे याकोब थोरल्या भावाचे सोंग घेऊन येतो, हातांवर करडांची कातडी बांधून. म्हाताऱ्याला शंका येते. आवाज याकोबाचा आहे हे त्याच्या कानांनी बरोबर ओळखलेले असते. पण हात केसाळ लागतात, आणि तो कानांपेक्षा हातांवर विश्वास ठेवतो. टेओजवळ चाचपावयाला हातच नव्हते. होता तो केवळ आवाज. आणि आवाजावर विश्वास ठेवणे यात मुळात गैर काही नाही. जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या घरांनी वर्षानुवर्षे पत्रांवर आणि फोनवरच संसार चालवले. फरक एवढाच की, त्या आवाजामागचा माणूस एकदा तरी घरात जेवून गेलेला होता.

तेव्हा भोळेपणाचा दोष आम्ही टेओला देत नाही. प्रश्न त्याच्या शब्दांचा आहे. त्या चार महिन्यांत तो लेनेईविषयी पुष्कळ बोलला, आणि आज आपल्याला माहीत आहे की त्यातले जवळजवळ सर्वच असत्य होते. पण ते सगळे खोटे बोलणे होते काय?

संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, पहिला इ. स. ३९५ च्या सुमारास आणि दुसरा ४२० च्या सुमारास. त्यांनी आरंभीच एक भेद केला आहे व पुढील सर्व कॅथलिक नीतिविचार त्यावर उभा आहे. जे खोटे आहे ते खरे समजून सांगणारा मनुष्य चुकतो, परंतु खोटे बोलत नाही. उलट, मनात एक धरून ओठांवर दुसरे आणणारा खोटे बोलतो. त्याचे शब्द योगायोगाने खरे ठरले तरीही. म्हणजे असत्यभाषणाचे ठिकाण जगात नाही, बोलणाऱ्याच्या अंतःकरणात आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच भेद शास्त्रीय भाषेत मांडला: शब्द वस्तुस्थितीशी न जुळणे हे असत्याचे केवळ द्रव्य, फसवे बोलण्याची इच्छा हे त्याचे रूप. रूपावाचून नुसते द्रव्य असेल तर ती चूक म्हणावी, पाप नव्हे.

या मापाने पाहू गेल्यास सप्टेंबरात टेओ वार्ताहरांपुढे जे रडला ते खरे रडणे होते. ज्याच्यासाठी रडला ते अस्तित्वात नव्हते, याने अश्रूंत भेसळ होत नाही. संत ऑगस्टीन यांनीच आपल्या ‘कबुलीजबाबा’त लिहिले आहे की, शाळकरी वयात आपण काव्यातल्या दिदो राणीच्या मरणावर अश्रू ढाळीत होतो. ती राणी काव्यातली आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून उत्तरायुष्यात त्यांनी त्या अश्रूंबद्दल स्वतःला बोल लावला. टेओला तर तेवढेही ठाऊक नव्हते. ‘मुलगी नाही, मग दुःख कसले?’ असे जे म्हणाले त्यांनी दुःख म्हणजे काय याचा विचारच केलेला नाही.

परंतु या साऱ्या असत्यांच्या ढिगात एक वाक्य वेगळे पडते. आपण तिला भेटलो आहोत, असे टेओने आपल्या वडिलांना सांगितले होते.

हे वाक्य त्याने कोणाकडून ऐकलेले नव्हते. जिवापाड प्रेम असलेल्या मुलीला आपण एकदाही डोळ्यांनी पाहिलेले नाही, हे बापाला सांगण्याची त्याला लाज वाटली. बापाने ही निवड मान्य करावी अशी त्याची इच्छा होती. २४ जानेवारी २०१३ रोजी प्रसारित झालेल्या दूरदर्शनवरील मुलाखतीत केटी कुरिक या ज्येष्ठ वार्ताहर बाईंपुढे त्याने हे कबूल केले, आणि पुढे लोकांना हकिकत सांगतानाही भेट झाल्याचा समज होईल अशा बेताने आपण बोलत गेलो हेही मान्य केले.

आम्हांला या प्रकरणाचा सगळा भार या एका वाक्यावर तोललेला दिसतो. अपराध म्हणून ते लहान आहे. संत थॉमस यांनी असत्याचे तीन वर्ग केले आहेत: गमतीचे, कोणाच्या तरी सोयीचे आणि कोणाला तरी अपाय करणारे. बापाला सांगितलेले हे खोटे मधल्या वर्गातले, क्षम्य पापांत मोडणारे. कांटसारख्या तत्त्वज्ञाने १७९७ साली लिहिलेल्या निबंधात खुन्यालाही खोटे सांगू नये असे प्रतिपादिले; तितके कठोर होण्याची येथे गरज नाही. पण वर्ग लहान म्हणून काम लहान होते, असे नाही.

त्या वाक्याने काय केले ते पाहा. तीन वर्षे परगावी शिकणाऱ्या मुलाच्या भोवती त्याच्या हिताची खरी काळजी करणारी जी माणसे होती, त्यांत बाप पहिला. आईबाप विचारतात: कोठली मुलगी, तिचे घर कोठे, तू गेला होतास काय, आम्हांला केव्हा दाखवतोस? या प्रश्नांचा तरुणांना कंटाळा येतो हे खरे. तथापि फसवणुकीविरुद्ध यापेक्षा चांगले कुंपण अद्याप कोणी शोधून काढलेले नाही. टेओने ‘भेटलो’ म्हटले आणि हे कुंपण आपल्या हातांनी मोडले. बापाच्या शंका तेथेच थांबल्या. थांबल्या एवढेच नव्हे, तर स्थानिक वृत्तपत्राच्या वार्ताहराने विचारले तेव्हा बापाने त्या दोघांच्या भेटीची आणि मुलीच्या हवाईला येण्याची हकिकत विश्वासाने सांगितली. ती छापून आली. पुढे स्फोट झाला तेव्हा लोकांनी तेच कात्रण काढून बापलेकांना कटात सामील ठरवले. फसवणाऱ्या व्यक्तीने बापाला कधी फोनही केला नसता तरी चालले असते. तिचे काम मुलानेच केले होते. ऑगस्टीनच्या मापाने बाप खोटे बोलला नाही. मुलाचे खोटे बापाच्या तोंडून खरेपणाने बाहेर पडले, आणि म्हणूनच ते सर्वांना पटले.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट वाचकांना माहीत आहे. शेत विकून आलेल्या रकमेतली काही त्यांनी मागे ठेवली व उरलेली संपूर्ण रक्कम म्हणून प्रेषितांच्या चरणी ठेवली. त्या वेळी पेत्राने काढलेल्या उद्गारांचा आशय असा की, शेत तुमचेच होते आणि विकल्यावर पैसाही तुमचाच होता. सगळा द्या असे तुम्हांला कोणी म्हटले होते? लोक या गोष्टीतल्या शिक्षेने दचकतात आणि हा प्रश्न विसरतात. न मागितलेल्या मोठेपणासाठी ते दोघे खोटे बोलले. टेओला तरी ‘भेटलास की नाही’ याचे होकारार्थी उत्तर दिलेच पाहिजे असे कोणी बजावले होते? ‘नाही, बाबा, अजून भेटलो नाही’ एवढे म्हणण्याने काही थोडी थट्टा, एखादा रागाचा शब्द, कदाचित एक विमानप्रवास एवढेच ओढवले असते. लाज ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. वाईट कृत्यांपासून ती माणसाला रोखते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की नुसत्या बावळट ठरण्याच्या भीतीनेही ती त्याला खोट्याकडे ढकलते. आणि बावळट ठरणे हे पाप नव्हे, हे कोणी आपल्याला लहानपणी शिकवीत नाही.

डिसेंबरातील हकिकत याहून अवघड आहे. ६ डिसेंबर २०१२ रोजी एका पारितोषिक समारंभाच्या ठिकाणी टेओला फोन आला. क्रमांक लेनेईचा, आवाजही लेनेईचा. मेलेली मुलगी बोलत होती. दोनच दिवसांनी, ८ तारखेला, हाइझमनच्या निमित्ताने वार्ताहरांशी बोलताना त्याने कर्करोगाने हिरावून नेलेल्या आप्तांबरोबर आपल्या मैत्रिणीचाही उल्लेख केला. २६ डिसेंबरला त्याने सर्व काही आपल्या प्रशिक्षकांना सांगितले.

या वीस दिवसांचे काय करावयाचे? त्याच्या बाजूने म्हणता येईल, आणि त्यानेही तसेच सुचवले, की सगळ्या देशाला ती मेल्याचे ठाऊक असताना आणि दोन दिवसांनी देशासमोर उभे राहावयाचे असताना एकवीस वर्षांच्या मुलाने काय करावे? त्याला स्वतःलाच काय खरे ते कळेनासे झाले होते. हे आम्ही मान्य करतो. ज्याच्या मनात निश्चित असे काही नाही त्याच्या ओठांवरचे शब्द मनाशी विसंगत आहेत, असे म्हणता येत नाही. पण त्याला शंका निश्चित होती, आणि शंका असलेली गोष्ट त्याने निःशंक स्वरात सांगितली. महाभारतातील धर्मराज येथे आठवतात. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, म्हणून त्यांचे शब्द अक्षरशः खरे. तरी द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजांचा रथ खाली टेकला अशी कथा आहे. आपल्या परंपरेतही मनातल्या मनात वाक्य पुरे करण्याची ही युक्ती काही पंडितांनी एके काळी शास्त्रशुद्ध ठरवली होती. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली तिचा निषेध केला. धर्मराजांना रणांगणावर श्रीकृष्णांनी भरीस घातले होते. टेओला सगळा देश भरीस घालीत होता. शब्द परत घेण्याची वाट त्याला कोणी दाखवली नव्हती. दाखवू शकले असते ते वडील, आणि त्यांना प्रथम सांगावे लागले असते की ‘भेटलो’ म्हटले ते खरे नव्हते.

२६ डिसेंबरनंतर प्रश्न विद्यापीठाकडे आला. अधिकाऱ्यांनी खाजगी तपासनीस नेमले. टेओ बळी आहे असे निष्पन्न झाले. ७ जानेवारीला मायामीत राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना झाला. अलाबामाने नोत्र दामचा ४२ विरुद्ध १४ असा पराभव केला. या सर्व काळात विद्यापीठ गप्प होते, आणि १६ तारखेला बातमी फुटल्यावर त्याच रात्री क्रीडा संचालक जॅक स्वॉरब्रिक वार्ताहरांपुढे आले. या मुलाचा माणसांवरचा विश्वास आता पूर्वीसारखा राहणार नाही, या अर्थाचे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांचा कळवळा खरा होता याविषयी आम्हांला शंका नाही. आपली हकिकत सांगण्याचा पहिला हक्क टेओचा, म्हणून आम्ही बोललो नाही, असे त्यांचे म्हणणे. धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथातही सत्य कळवण्याचा अधिकार निरपवाद नसल्याचे आणि कित्येकदा मौन हेच प्रेमाचे असल्याचे सांगितले आहे. तथापि ज्या गोष्टीने संघाला चार महिने लोकांचे प्रेम मिळवून दिले, ती गोष्ट बनावट असल्याचे कळल्यावर मोठा सामना उरकेपर्यंतचे मौन हे प्रेमाचे मौन होते, की सोयीचे? दोन्ही असू शकते. एका कॅथलिक संस्थेकडून आम्ही थोड्या अधिक अपेक्षा केल्या असत्या.

याच विद्यापीठात अशी एक कहाणी पूर्वीपासून पूजिली जाते. जॉर्ज गिप नावाचा त्यांचा नामांकित खेळाडू १४ डिसेंबर १९२० रोजी घशाच्या संसर्गाने व न्यूमोनियाने वारला. आठ वर्षांनी, १९२८ साली, आर्मी संघाविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांनी गिपची अंतिम इच्छा म्हणून काही शब्द खेळाडूंना ऐकवले. संघ हेलावला आणि १२ विरुद्ध ६ असा जिंकला. १९४० मध्ये त्यावर चित्रपट निघाला, गिपची भूमिका करणारे रोनाल्ड रीगन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि ते शब्द अमेरिकन भाषेचा भाग होऊन बसले. गिप खरोखर तसे बोलला काय, याविषयी अनेक अभ्यासकांनी शंका घेतली आहे. मरणशय्येवरचे शब्द प्रशिक्षकांना नेमके आठ वर्षांनी, सामना अडचणीत असताना आठवावेत हा योग मोठा सोयीस्कर आहे. तेव्हा २०१२ च्या त्या तरुण मृत्यूच्या कहाणीला नोत्र दामच्या मैदानावर आयती जागा तयार होती. लोकांना असे मरण हवे होते. ते त्यांना मिळाले.

वृत्तपत्रांविषयी फार लिहावयास नको. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या लेखकाने लेनेईची मृत्युवार्ता शोधली होती, ती सापडली नव्हती, आणि त्याने तेवढा भाग टाळून लेख पुरा केला, हे नंतर त्यानेच प्रसिद्ध केले. येथे कोणी कोणाला खोटे सांगितले नाही. फक्त एक रिकामी जागा दिसली आणि तिच्यावरून ओलांडून जाणे त्याला बरे वाटले.

आता ज्या व्यक्तीने हा सारा डाव रचला तिच्याविषयी. तिचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. २०१३ च्या आरंभीच तिने दूरदर्शनवर येऊन कबुली दिली. २०२२ साली निघालेल्या माहितीपटात ती पुन्हा बोलली. पैसा तिने मागितला नव्हता. आपण कोण आहोत याविषयीच्या आपल्या तरुणपणीच्या गोंधळात, दुसऱ्या कोणाचा चेहरा घेऊन आपल्याला कोणी प्रेम देत आहे हा अनुभव तिला सोडवेना, असे तिच्या बोलण्याचे सार. आम्हांला त्या एकाकीपणाची कीव येते. पण तिने लुबाडले ते काय, हेही पाहिले पाहिजे. संत थॉमस यांनी सत्यवादीपणाला न्याय या सद्‌गुणाच्या शेजारी बसवले आहे. एकमेकांच्या शब्दांवर भरवसा नसेल तर माणसांना एकत्र जगताच येणार नाही, म्हणून सत्य हे आपण एकमेकांचे देणे लागतो. या हिशेबाने तिने टेओचे जे बुडवले ते पैशात मोजता येत नाही. आणि ज्या तरुणीचा चेहरा तिने चोरला ती तर या हिशेबात कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. ती तिची शाळेतली ओळखीची. अपघातात जखमी झालेल्या आपल्या एका नातलगाला बरे वाटावे म्हणून कागदावर काही अक्षरे लिहून, तो हातात धरून एक छायाचित्र पाठव, अशी विनंती तिला करण्यात आली होती, आणि दयेपोटी तिने ती मानली. टेओची खात्री पटवण्यासाठी ते वापरले गेले. एका परक्या आजाऱ्याविषयीची कळकळ अशा कामी आली. आपल्या चेहऱ्याची मुलगी मेली असून देश तिच्यासाठी हळहळला, हे त्या तरुणीला वार्ताहरांकडून कळले.

टेओला एप्रिल २०१३ मध्ये सॅन डिएगो चार्जर्स संघाने अडतिसाव्या क्रमांकावर निवडले. त्याहून बऱ्याच वरच्या क्रमांकाची अपेक्षा होती. तो व्यावसायिक संघांतून पुढे अनेक वर्षे खेळला. २०२२ च्या माहितीपटात त्याने सांगितले की, मैदानावर उतरताना अंगाला मुंग्या येत, हातपाय बधिर होत. फसवणाऱ्या व्यक्तीला त्याने क्षमा केली आहे. त्याच्या मानसोपचार तज्ज्ञाने त्याला सुचवले की, तेव्हाच्या त्या मुलालाही, म्हणजे स्वतःलाच, तू क्षमा केली पाहिजेस; ही गोष्ट त्याला अधिक कठीण गेली. त्यात आश्चर्य नाही. दुसऱ्याच्या मोठ्या अपराधापेक्षा आपली लहानशी लबाडी माणसाला अधिक दिवस बोचते, कारण तिच्यापुरता तो बळी नसतो. लोकांनी त्याला एक तर ढोंगी म्हटले, नाही तर निव्वळ बळी म्हटले. यांपैकी कोणतीही भूमिका घेतली तरी बापाला सांगितलेल्या त्या एका वाक्याचे काय करावे हे त्याला कळले नसते. ढोंग्याच्या अनेक खोट्यांत ते बुडून जाते. बळीच्या निष्पापपणात ते दिसेनासे होते. त्याने ते दूरदर्शनवर, आईबापांना शेजारी घेऊन, आपले म्हणून उच्चारले. या सबंध प्रकरणात आम्हांला आदर वाटला तो त्या वेळी.

त्या सप्टेंबरात एक मृत्यू मात्र खरोखर झाला होता. गळ्यात माळा घालून बसलेल्या प्रेक्षकांनी दोघींचा शोक केला होता. पण तरुण प्रेयसीच्या कहाणीपुढे म्हातारी आजी पहिल्यापासूनच मागे राहिली, आणि कहाणी फुटल्यावर तर बहुतेक वृत्तांतांत ती एका वाक्यापुरती उरली. डेडस्पिनच्या वार्ताहरांनी लेनेईबरोबर तिच्याही मृत्यूची सरकारी नोंद शोधली होती. ती सापडली. वय ७२, तारीख ११ सप्टेंबर.